मधला संच

६ सप्टेंबर

पोचले. छापखान्याच्या तळघरात जागा मिळाली आहे. कागदाच्या रिळांवर सतरंजी टाकून झोपायचं, शाईच्या डब्यावर लॅपटॉप ठेवायचा. शेजारच्या खोलीत मेजरसाहेबांचं टेबल आणि नकाशे.

कारखान्याने तीन आठवड्यांसाठी पाठवलंय. चोवीस वायरलेस संच बरोबर आणलेत. पेटी कारखान्याची, पण तिच्यातलं डोकं माझं. साडेचार वर्षं घातली आहेत त्यात. टॉवर नको, केंद्र नको. प्रत्येक संच दर सेकंदाला ‘मी इथे आहे’ म्हणून हाक मारतो, आजूबाजूचे ऐकतात, आणि निरोप हातोहात पुढे जातो. ज्याची जागा उंच आणि बॅटरी भरलेली, तो आपोआप सगळ्यांचे निरोप वाहायला लागतो. त्याला आम्ही मधला म्हणतो. मधला बंद पडला की काही सेकंदांत जाळं दुसरा मधला निवडतं. माणसाने बोटसुद्धा लावायचं नाही.

मला जायला सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं, त्याला कारण धाकटा. माझा दीर याच तुकडीत आहे. लग्न करून घरात आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, त्याची गणितं मी घेतली आहेत. त्याने सगळ्यांसमोर “वहिनी!” म्हणून आरोळी ठोकली आणि तासाभरात अख्ख्या तुकडीची मी वहिनी झाले. मेजरसाहेबांचीसुद्धा.

ही तुकडी म्हणजे घरून पुन्हा बोलावलेली माणसं, म्हणून एकमेकांना जुन्या धंद्यावरून हाक मारतात. न्हावी, गवंडी, पोस्टमन. संचांसाठी मला मदतनीस दिलाय तो मिस्त्री. पंचावन्नचा, तीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढलेला. संच हातात घेऊन म्हणाला, “दर सेकंदाला ओरडतो? माझी बायकोसुद्धा मध्ये श्वास घेते.”

मग म्हणाला, “तार मुकी असते, वहिनी. ज्याच्याशी बोलायचं त्यालाच ऐकू येतं.”

जुन्या माणसांना नवीन काही आवडत नाही.

८ सप्टेंबर

झकास! पुलापासून टेकडीखालच्या गिरणीपर्यंत चोवीसच्या चोवीस संच एकमेकांशी बोलले. मेजरसाहेब म्हणाले, “आजवर आमची निम्मी लढाई ‘काय म्हणालात?’ विचारण्यात जायची.” घरी फोन लागला असता तर नवऱ्याला सांगितलं असतं. लागला नाही.

११ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी साडेनऊला तोफा सुरू झाल्या. न्हावी पाण्याच्या टाकीवर होता. उंच जागा, भरलेली बॅटरी, म्हणून तासभर तोच मधला होता. तिसरा गोळा थेट टाकीवर बसला. टाकी फुटून पाणी रस्त्यावर आलं आणि पाण्याबरोबर तो. कमरेखाली काही नव्हतं. शुद्धीवर होता. मी आणि मिस्त्री धावत गेलो तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी, थंडी वाजतेय, दार लावा.” मी “लावते” म्हटलं. तेवढ्यात गेला. परवाच त्याने तुकडीतल्या निम्म्या लोकांचे केस कापले होते.

तळघरात परत आल्यावर स्क्रीन पाहिला. न्हाव्याचा संच गेल्यानंतर तीन पूर्णांक आठ सेकंदांत जाळं सांधलं गेलं होतं. एकही निरोप हरवला नाही. खऱ्या लढाईतली पहिलीच वेळ. लाज वाटते, पण इथे तरी खोटं कशाला लिहू? तो आकडा बघून मला बरं वाटलं.

१३ सप्टेंबर

आज गवंडी. गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर होता. मधला होऊन जेमतेम नऊ मिनिटं झाली होती. भिंत अंगावर आली. बाहेर काढायला दोन तास लागले आणि काढला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. स्वतःच बांधल्यासारख्या विटा, असं कोणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी मारायचंच शिल्लक ठेवलं.

जाळं सांधायला चार पूर्णांक एक सेकंद.

मिस्त्रीने विचारलं, “मधला कोण होता, वहिनी?”

“गवंडी.”

“आणि टाकीवरचा?”

“उंचावर बसलेल्यावर गोळा पडणारच ना, मिस्त्री. शत्रूलाही डोळे आहेत.”

“डोळे आहेत,” तो म्हणाला, “आणि कान?” मग तारेचं भेंडोळं उचलून निघून गेला. त्याचं हे कोड्यात बोलणं मला आवडत नाही.

१६ सप्टेंबर

धाकट्याशी भांडण झालं.

तीन दिवस बघतेय, सगळ्यांच्या बॅटऱ्या साठ टक्क्यांवर आणि याची कायम अठ्ठ्याण्णववर. पोस्टमनने सांगितलं की चार्ज झालेल्या बॅटऱ्या आल्या की हा आधी हात मारतो, पाठीवर चार-चार घेऊन हिंडतो. साहजिकच तीन दिवस मधला हाच. बरं, एका जागी बसेल तर शपथ! आत्ता गिरणीत, पाच मिनिटांनी शाळेच्या गच्चीवर, मग नाल्यात. माझ्या चाचणीच्या नोंदींचा पार चुथडा केलाय.

“अरे, तुला बाकीच्यांची काही पडलीये का?” मी म्हटलं. “त्यांचे संच अर्ध्यावर बंद पडले तर?”

“लहानपणापासून हावरट आहे मी, तुला माहीत आहे.”

“आणि धावत कशाला सुटतोस?”

“बसून पाय आखडतात गं.”

हसत होता, पण डोळ्यांखाली काळं झालंय आणि ओठ फुटलेत. मी समोरच्या डब्यातलं अर्धं जेवण त्याच्याकडे सरकवलं, तर ते मात्र घेईना. हावरट म्हणे.

बरी गोष्ट एकच. तीन दिवस गोळे रिकाम्या घरांवर पडताहेत. मेजरसाहेब म्हणतात, शत्रूचा तोफखान्यातला चांगला माणूस बदलला असावा.

१७ सप्टेंबर

मेजरसाहेबांकडून हुकूम काढून घेतला. बॅटऱ्या सर्वांना समान, वाटप माझ्या हातून. धाकटा तळघरात आला. पहिल्यांदाच हसत नव्हता.

“वहिनी, हे नको करूस.”

“का? कारण सांग.”

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, मग काढून घेतलं. “मला नीट सांगता येत नाही. खात्री नाहीये अजून. दोन दिवस दे.”

“कारण नसेल तर शिस्त पाळ. घरात लाड केले, इथे नाही करणार.”

त्याने तीन बॅटऱ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. सॅल्यूट केला. मला. चेष्टेत नव्हता.

१८ सप्टेंबर

मलमपट्टीचं ठाणं धान्याच्या गोदामात होतं. तिथला संच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. आज सकाळी मी ताजी बॅटरी माझ्या हाताने बसवून आले होते. गोदाम उंचवट्यावर आहे.

दहा वाजून चार मिनिटांनी तो मधला झाला. दहा वाजून अकराला पहिला गोळा. मग सहा, एकामागून एक, त्याच जागी.

मी गेले होते. छप्पर खाली आलं होतं आणि खाली माणसं झोपलेली होती. जखमी, हलता न येणारी. गव्हाची पोती फुटून सगळीकडे दाणे, त्यावर रक्त, आणि त्यात आम्ही घसरत होतो. एक जण पेटला होता आणि धावत नव्हता, कारण त्याला पायच नव्हते. मिस्त्रीने त्याच्यावर पोतं टाकलं. डॉक्टरीणबाई टेबलाखाली सापडल्या. त्यांच्या हातात कात्री तशीच होती. मान मागच्या बाजूला वळली होती. अकरा माणसं.

त्या ढिगात संच शाबूत होता. दिवा लुकलुकत होता. हाक मारत होता, दर सेकंदाला. मिस्त्रीने तो उचलला, दगडावर ठेवला आणि खोऱ्याने फोडला. बंद होईपर्यंत फोडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आता तरी चला. तुमच्याच नोंदी तुम्हाला दाखवतो.”

१९ सप्टेंबर

टेबलावर दोन कागद शेजारी ठेवले. डावीकडे माझी नोंद: कोण कधी मधला झाला. उजवीकडे मिस्त्रीची वही: गोळा कुठे आणि कधी पडला. लहान मुलालाही कळेल. शत्रूला आमचं बोलणं समजत नाही, ते कुलूपबंद आहे. पण कोण सगळ्यांत जास्त बोलतंय, एवढं त्याला पुरतं. त्या दिशेने तोफ वळवायची. माझी पेटी दर वेळी एक माणूस निवडून त्याच्या डोक्यावर दिवा लावते.

आणि धाकट्याच्या तीन दिवसांपुढे उजवीकडे काय लिहिलंय? रिकामं घर. रिकामं घर. नाला. रिकामं घर.

त्याला बोलावलं. “तुला कळलं होतं.”

“वाटत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर मेजरांनी संच बंद केले असते. संचाशिवाय पुलावरचे लोक आंधळे. म्हटलं, आपल्याकडे ओढून घेतो आणि पळत राहतो, तोवर काहीतरी सुचेल.” मग मान खाली घालून म्हणाला, “आणि तू साडेचार वर्षं जेवणाच्या ताटावर बसूनही तेच करत होतीस. तुझ्या तोंडावर कसं सांगू?”

अकरा माणसं, कारण माझ्या तोंडावर सांगवलं नाही. आणि त्याहून मोठं कारण, मी दोन दिवस दिले नाहीत. मला ओरडायचं होतं. ओकले फक्त.

२० सप्टेंबर

मेजरसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, गोळी घालतील. घातली असती तर चाललं असतं. ते नकाशाकडे बघत म्हणाले, “उद्या दुपारी पुलावरून मागे जायचा हुकूम आहे. बासष्ट जखमी आहेत. ट्रक दोन. संच नसतील तर ट्रक आणि पहारे यांचा मेळ बसणार नाही. असतील तर ट्रकवर गोळे. वहिनी, तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा.”

दिवसभर बसले. मधला झाल्यापासून गोळा पडेपर्यंत सगळ्यांत कमी वेळ किती लागला? तीन मिनिटं दहा सेकंद. त्याआधी कुणावर पडलेला नाही. तेव्हा मधला दर दोन मिनिटांनी बदलायचा, आणि प्रत्येकाने आपली पाळी संपताच जागा सोडून पळायचं. ट्रकवरचे आणि पुलावरचे संच हाक मारणार नाहीत, ऐकतील आणि ट्रक कुठे पोचला एवढाच एखादा शब्द पाठवतील. बडबड फक्त सहा पळणाऱ्यांनी करायची, पुलापासून लांब, गावाच्या वरच्या टोकाला.

मिस्त्रीने ऐकून घेतलं. “म्हणजे शिवाशिवी.”

“हो.”

सहा जण हवेत म्हटल्यावर नऊ हात वर झाले. सहावा संच मी माझ्याकडे ठेवला. धाकटा भडकला. मेजरसाहेब “नाही” म्हणाले. मी म्हटलं, पळता पळता काही बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

२३ सप्टेंबर

नदीपलीकडे आहे. उजवा पाय प्लास्टरमध्ये. परवाचं लिहून टाकते, नाहीतर लिहायचं राहील.

बारा वाजता सुरुवात केली. पहिला अर्धा तास तर मला हसू येत होतं, इतकं ते बरोबर चाललं होतं. पोस्टमनची पाळी संपली, तो पळाला, आणि मिनिटभराने त्याची जागा हवेत उडाली. मग माझी. शिंप्याच्या दुकानातून मागच्या दाराने गल्लीत, मिस्त्री माझ्यापुढे, आणि पाठीमागे दुकान कोसळलं. कानात फक्त शिट्टी. पहिला ट्रक गेल्याचा निरोप आला.

मग शत्रूची माणसंच गावात शिरली. पोस्टमनला चौकात गोळी लागली, पोटात. त्याचा संच पाळीत होता, मी तो स्क्रीनवरून काढून टाकला. माणूस मात्र ओरडत राहिला आणि आम्ही त्याच्यापर्यंत पोचू शकलो नाही. पुढच्या वीस मिनिटांत आणखी तीन संच गेले. एक गोळ्याने, दोन बंदुकांनी.

दवाखान्याच्या जिन्यावर एक शत्रूचा शिपाई आमच्यासमोर आला. तोही दचकला. त्याने बंदूक उचलली आणि मिस्त्रीने त्याच्या गळ्यात खोरं घातलं. तो पडला तो माझ्या अंगावर. त्याचं गरम रक्त माझ्या तोंडात गेलं. माझ्याच वयाचा असेल. त्याने माझी बाही घट्ट धरली होती, मिस्त्रीला एकेक बोट सोडवावं लागलं. मिस्त्री रडत होता आणि शिव्या देत होता; कुणाला, माहीत नाही.

शेवटी दोनच संच राहिले, माझा आणि धाकट्याचा. दोन मिनिटं तो, दोन मिनिटं मी. एकमेकांना दिसत नव्हतो, फक्त आवाज. “वहिनी, घे.” “घेतला.” “घे रे.” “घेतला.” दुसरा ट्रक पुलाशी आला होता.

त्याची पाळी चालू असताना माझ्या बाजूची भिंत पडली. पाय घोट्यापासून विटांखाली. मी बोलले, “पाय अडकलाय. थांब जरा.” एवढंच बोलले. बोलायला नको होतं.

दोन मिनिटं झाली. पाळी माझ्याकडे आली नाही. त्याने आपल्या संचावरून बदल रोखून धरला होता. तशी सोय मीच करून दिली होती, अडीनडीला.

“सोड,” मी म्हटलं. “माझ्याकडे दे.”

“पाय निघाला?”

“निघाला.”

“खोटं. मिस्त्री, निघाला का?”

मिस्त्री विटा उपसत होता.

“मग तू तरी पळ!” मी ओरडले. “मधला तुझ्याकडेच ठेव, पण पळ!”

“पळतोय ना. पण गल्लीच्या दोन्ही तोंडांना ते आहेत गं. या आवारातच गोल गोल पळतोय.” धापा टाकत होता. “ट्रक कुठवर आला?”

“पुलाच्या मध्यावर.”

“मग ठीक आहे.”

तीन मिनिटं. तीन दहा. मी त्याला लहानपणीच्या नावाने हाका मारत होते. तीन चाळीस. तो म्हणाला, “वहिनी, आईला तू सांग. दादाला नको सांगायला लावूस, त्याला जमणार नाही.” मग एक गोळा मी संचातूनही ऐकला आणि हवेतूनही. आधी संचातून.

मिस्त्रीने पाय ओढून काढला. हाड बाहेर दिसत होतं. त्याने मला पाठीवर घेतलं आणि नाल्यातून पुलाकडे आणलं. आमच्यामागे पूल उडवला. बासष्टपैकी एकसष्ट जखमी पोचले, एक वाटेत गेला. धाकट्याचं काहीच आणता आलं नाही.

९ ऑक्टोबर

घरी. पहिल्यांदा सासूबाईंच्या खोलीत गेले. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. बॅटऱ्यांपासून शेवटच्या चाळीस सेकंदांपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या थोबाडीत मारली. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. कुबडी सुटली आणि मी कॉटवर आपटले. त्या माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “तो पळत होता म्हणालीस. दमला होता का?”

“हो.”

“घाबरला होता?”

“नाही, आई. धाप लागली होती, पण आवाज नेहमीचा होता.”

त्यांनी माझा गाल चाचपून पाहिला, सुजलाय का. मग मात्र दोघी मोठमोठ्याने रडलो. नवरा दार उघडून आत आला.

१२ ऑक्टोबर

कारखान्यात गेले. साहेबांनी उभं राहून हात मिळवला. भिंतीवर नवीन तक्ता लावलाय: ‘प्रत्यक्ष लढाईत चार सेकंदांत सांधणारं जाळं’. तो आकडा माझ्याच नोंदीतून घेतलाय. न्हाव्याचा आणि गवंड्याचा.

“उत्तरेच्या आघाडीवर तीनशे संच गेलेत,” साहेब म्हणाले.

“जुन्या प्रोग्रॅमचे?”

“मंजूर झालेला तोच आहे. तुझा बदल रीतसर चाचणीला घालू. तीन महिने धर.”

मी टेबलावर हात आपटून बोलले, जे तोंडाला येईल ते. ते म्हणाले, “तू दुःखात आहेस. सुट्टी घे.”

घेतली.

१५ ऑक्टोबर

मिस्त्रीला निरोप पाठवला होता, उत्तरेचे संच स्वतःच बदलायला चाललेय म्हणून. तो परस्पर स्टेशनवर आला, खांद्याला पिशवी. “कुबडीवाली बाई एकटी किती ठिकाणी पोचणार?” म्हणाला. नवरा सोडायला आला होता. डब्याच्या दारापाशी त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. जाऊ नकोस म्हणाला नाही. परत ये म्हणाला.

१७ ऑक्टोबर

उत्तरेच्या पहिल्या तुकडीत दुपारी पोचलो. दोन पडक्या घरांमधल्या खंदकात त्यांचं ठाणं आहे. कप्तान तरुण, उत्साही. मी कोण ते कळल्यावर त्याने माणसांना हाक मारून सांगितलं, “अरे, या बाईंनीच बनवलंय आपलं जाळं!” काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, “कप्तानसाहेब, बाकीचं नंतर सांगते. आत्ता या घटकेला तुमचा मधला कोण आहे?”

समोरच्या घराच्या गच्चीवरून एका बाईने हात वर केला. विशी-बाविशीची, हेल्मेट मोठं होत होतं, कठड्यावर पाय सोडून बसली होती. “मी, मॅडम! सकाळपासून मीच!” अभिमानाने हसत होती.

“खाली ये,” मी ओरडले. “संच तिथेच टाक आणि खाली ये!”

ती कप्तानाकडे बघायला लागली. कप्तान माझ्याकडे. मिस्त्री वाट न बघता जिन्याकडे धावला होता. मी कुबडी टाकून एका पायावर त्याच्यामागे निघाले. दीड जिना चढले असेन, तेव्हा वरून तो तिला अक्षरशः बखोटीला धरून खाली आणताना दिसला. ती चिडली होती, सुटायला धडपडत होती, “काय चाललंय हे?” म्हणत होती. मी तिचा दुसरा हात पकडला. आम्ही तिघं खंदकात पडलो तेव्हा ती अजून भांडतच होती.

मग घर गेलं. आवाज, धूळ, अंगावर ढेकळं.

धूळ खाली बसल्यावर तिने आधी वर बघितलं, जिथे गच्ची होती तिथे. मग माझ्याकडे. तिच्या नाकातून रक्त येत होतं.

कप्तान रांगत जवळ आला. मी लॅपटॉपवरची माती पुसली. तो सुरू झाला.

“तुमच्याकडे किती संच आहेत?” मी विचारलं.

“एकोणतीस. म्हणजे, आता अठ्ठावीस.”

“सगळे बंद करून इथे आणा. एकेक करून माझ्यासमोर ठेवा.”

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस संचांचा प्रोग्रॅम बदलून झाला. ती मुलगी सगळा वेळ माझ्याशेजारी बसून होती, संच उघडून माझ्या हातात देत होती. उद्या पुढच्या तुकडीकडे. मिस्त्री म्हणतो, पायी चार तास.